मांजर शिरले तरी घंटा

मी ठाकुर्लीला राहतो आणि संगणकाचे प्रोग्राम लिहून पोट भरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक विचित्र प्रकार सुरू झाला. कुणी प्रोग्रामची फाइल बदलली, की सर्व्हरने आपणहून प्रोग्राम नव्याने बांधायचा, अशी सोय होती. त्याला आम्ही 'बिल्ड' म्हणतो. एका बिल्डला ४० मिनिटे लागत. पण काहीही बदललेले नसताना बिल्ड सुरू होऊ लागले. खरे काम रांगेत अडकू लागले आणि मला रात्रीची शेवटची स्लो लोकल गाठण्याची वेळ येऊ लागली. आळ आला नुकत्याच लागलेल्या एका मुलीवर. ती म्हणे, "मी फाइल नुसती वाचत होते!"

ही व्यवस्था मुळात वेळ वाचवण्यासाठी आहे. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन बनवले. एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती. त्यात त्याची सकाळ वाया गेली होती. 'मेक' फाइलींच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहते आणि जुना झालेला भागच पुन्हा बांधते. उसळीत मीठ कमी पडले म्हणून आपण भात पुन्हा लावत नाही, तसेच.

आमची व्यवस्था मात्र अख्ख्या फोल्डरवर नजर ठेवून होती. फाइल उघडताच त्या मुलीचा एडिटर तिथेच एक तात्पुरती फाइल ठेवी, अचानक वीज गेली तर काम वाचावे म्हणून. फाइल बंद केली की तीही पुसली जाई. दोन्ही वेळा फोल्डरच्या बदलाची वेळ पुढे सरके. सोसायटीच्या वॉचमनला "गेट हलले की घंटा वाजव" एवढेच सांगितले, तर मांजर शिरले तरी घंटा वाजणारच!

उपाय सोपा निघाला. तात्पुरत्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवल्या आणि दुर्लक्ष करण्याजोग्या नावांची यादी सर्व्हरला दिली. 'बेझल'सारखी साधने तर वेळेऐवजी मजकूरच बदलला का, हे तपासतात. यादी मात्र जपून करावी. ती फार ढिली झाली तर खरा बदलही निसटतो आणि फेल्डमन यांच्या सहकाऱ्याची ती सकाळ आपल्या वाट्याला येते.

त्या मुलीची आम्ही सर्वांसमोर माफी मागितली. ती यादी पुढे तिनेच सांभाळली.