खाजगी आरोग्य विमा, रुग्णालयीन देयके आणि वैद्यकीय अभिलेख : कोल्हापूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
कोल्हापूर हे पश्चिम महाराष्ट्रातील एक प्रमुख वैद्यकीय केंद्र आहे. जिल्ह्यातील बारा तालुक्यांबरोबरच कोकण व सीमाभागातील रुग्णही येथील खाजगी रुग्णालयांत उपचारांसाठी येतात. यांपैकी अनेकांकडे आरोग्य विमा असतो. तथापि, 'कॅशलेस' विमा असूनही डिस्चार्जच्या दिवशी मोठी रक्कम भरावी लागते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. या तक्रारीमागील कारणे व उपलब्ध उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रमाणशीर कपात :
भारतात 'मेडिक्लेम' पॉलिसी 1986 मध्ये सुरू झाली. अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाड्यावर विमा रकमेच्या एक टक्का अशी दैनिक मर्यादा असते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास केवळ भाड्यातील फरक भरावा लागेल, असा विमाधारकाचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच प्रमाणात शस्त्रक्रिया, भूल, परिचर्या इत्यादी संलग्न खर्चांतही कपात होते.

उदाहरणार्थ, तीन लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा प्रतिदिन 3,000 रुपये आहे. रुग्ण 6,000 रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. भाडे 30,000, संलग्न खर्च 80,000 आणि औषधे व तपासण्या 40,000 असे एकूण देयक 1,50,000 रुपये झाले. कंपनी भाड्यापोटी 15,000, संलग्न खर्चापोटी 40,000 आणि औषधे व तपासण्यांपोटी पूर्ण 40,000, म्हणजे एकूण 95,000 रुपये मंजूर करते. उर्वरित 55,000 रुपये रुग्णावर पडतात. त्याची अपेक्षा मात्र 15,000 रुपयांची असते.

औषधे, उपभोग्य साहित्य, शरीरात बसविण्याची उपकरणे व रोगनिदान तपासण्या यांवर अशी कपात करता येणार नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाने 2020 मध्ये स्पष्ट केले. परंतु देयकात सर्व खर्च एकाच 'पॅकेज'मध्ये दाखविल्यास औषधांचा खर्च वेगळा काढता येत नाही आणि या संरक्षणाचा लाभ हातचा जातो. म्हणूनच बाबनिहाय देयक हा संपूर्ण प्रश्नाचा गाभा ठरतो.

अभिलेखांचा हक्क :
भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ते 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरीही बहुतेक रुग्ण केवळ डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी जातात. विमा कंपनीने नंतर केसपेपर मागितल्यास चंदगडसारख्या तालुक्यातील कुटुंबाला शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास पुन्हा करावा लागतो. एका कागदासाठी बुडणारी मजुरी कोणत्याही देयकात नोंदली जात नाही.

नियम व तक्रार निवारण :
महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील 2021 च्या सुधारणेनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात, तर डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. विलंबामुळे रुग्णालयाने वाढीव आकारणी केल्यास ती विमा कंपनीने सोसावयाची आहे. दावा नाकारताना पॉलिसीतील संबंधित अटीचा उल्लेख करणेही आवश्यक आहे.

कंपनीकडे लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथे वकिलाची गरज नसते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. मात्र या प्रत्येक ठिकाणी पुरावा म्हणून बाबनिहाय देयक व केसपेपर यांचीच गरज भासते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, रुग्णाची हानी केवळ नियमांच्या अभावामुळे होत नाही. कागद वेळेवर हाती नसल्यामुळेही होते. दाखल होताना खोलीभाड्याची मर्यादा तपासणे, घरी जाण्यापूर्वी बाबनिहाय देयक घेणे आणि अभिलेखांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करून पोच घेणे, या तीन गोष्टींनी पुढील बराचसा मनस्ताप टळू शकतो. महाविद्यालयांतील ग्राहक मंच व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती गावोगावी पोहोचविता येईल. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला विम्याच्या अटी वाचण्याची उसंत नसते; ते वाचन आधीच व्हावयास हवे.