वाढत्या गावांचे नियोजन : चौसाळ्याच्या निमित्ताने

बीड तालुक्याच्या दक्षिण भागात, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले चौसाळा हे महसूल मंडळाचे गाव आहे. 2008 च्या पुनर्रचनेपूर्वी विधानसभेचा एक मतदारसंघ याच गावाच्या नावाने ओळखला जात असे. भोवतालच्या खेड्यांचा राबता असलेल्या अशा महामार्गावरील गावांत शेतीबरोबर व्यापार, वाहतूक व सेवा यांचाही विस्तार होत जातो. व्यवहार शहराचे, कारभार मात्र खेड्याचा, अशी त्यांची स्थिती होते.

गाव केव्हा शहर ठरते?

जनगणनेच्या व्याख्येनुसार किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोकांची वस्ती आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरील व्यवसायांत असल्यास ते ठिकाण नागरी गणले जाते. तथापि, या गणनेने कारभार बदलत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे 45 टक्के लोकसंख्या नागरी होती. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे 20 टक्केच होते.

कारभार बदलण्यासाठी शासनाची अधिसूचना लागते. 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे जाणाऱ्या क्षेत्रांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. पुढे तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे रूपांतर करण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी व केज येथे नगरपंचायती आल्या. चौसाळा तालुक्याचे ठिकाण नसल्याने या धोरणाच्या कक्षेबाहेर राहिले.

लाभ आणि हानी

नगरपंचायत झाल्यास विकास योजना तयार करण्याचे अधिकार मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये हे दायित्व नगरपरिषदांसारख्या नियोजन प्राधिकरणांवर आहे, ग्रामपंचायतीवर नाही. उलटपक्षी, ग्रामसभा संपुष्टात येते, ग्रामीण भागापुरत्या योजनांचा लाभ थांबतो आणि करांचा भार वाढण्याची धास्ती ग्रामस्थांना वाटते. शेतमजूर कुटुंबांच्या दृष्टीने ही शंका निराधार म्हणता येणार नाही.

आज काय करता येईल?

अधिसूचनेची वाट पाहत बसणे मात्र महागात पडते. शेतजमिनीचे तुकडे पाडून घरे उभी राहिली की गल्लीची रुंदी कायमची ठरते. मग गटाराला उतार मिळत नाही, अग्निशमनाची गाडी आत जात नाही आणि कचऱ्यासाठी जागा उरत नाही. नंतर रस्ता रुंद करायचा, तर कोणाचे तरी घर पाडावे लागते.

सार्वजनिक रस्त्यांवरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 53 ने पंचायतीला दिला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा मोठा भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. ग्रामपंचायत विकास आराखड्यात केवळ कामांची यादी न देता गावाचा नकाशा जोडावा. त्यावर पुढील वीस वर्षांचे रस्ते, पाण्याचे नैसर्गिक प्रवाह, बाजार, शाळेचे मैदान व स्मशानभूमी यांच्या जागा दाखवाव्यात आणि ग्रामसभेने त्यास मान्यता द्यावी. अशा नकाशाला विकास योजनेचे कायदेशीर बळ नसले, तरी पंचायत, तलाठी व तालुका प्रशासन यांना एका दिशेने चालण्यास तो आधार ठरेल.

गाव शहर होणार की नाही, हे शासन ठरवील. ते कसे वाढावे, हे ठरविण्याची संधी मात्र आज ग्रामसभेच्या हाती आहे.