ट्रॉम्बेचं ल्युटेशियम, परळचा वॉर्ड

नागपूरजवळच्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात. त्यामुळे अणुभट्टीचं नाव निघालं की इथला माणूस आधी विचारतो, वीज किती? ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीची औष्णिक क्षमता १०० मेगावॅट, पण ती वीज बनवत नाही. १९८५ पासून तिथे हवे असतात ते न्यूट्रॉन. त्यांच्या माऱ्यात ल्युटेशियम-१७६ ठेवलं की ल्युटेशियम-१७७ तयार होतं, आणि ते कर्करोगाच्या पेशीत नेऊन सोडता येतं.

कुठल्याही पेशीत मात्र नाही. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस यांत न्यूरोएंडोक्राइन गाठी होतात. त्या बहुधा हळू वाढतात. जुलाब, पोटदुखी, चेहरा एकाएकी लाल होणं यांवर पित्ताची औषधं घेण्यात वर्षं जातात आणि निदान होईपर्यंत गाठ अनेकदा यकृतात पसरलेली असते. या पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर दाटीनं असतात. मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच मोडतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी आठ अमिनो आम्लांची टिकाऊ प्रतिकृती घडवली. तिच्या टोकाला ‘डोटा’ नावाचा रेणूंचा पिंजरा जोडला आणि पिंजऱ्यात धातूचा किरणोत्सारी अणू बसवला. रिसेप्टरला ती प्रतिकृती चिकटली की पेशी तिला आत ओढून घेते.

पिंजऱ्यात गॅलियम-६८ असेल तर पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते. ल्युटेशियम असेल तर तीच गाठ जळते. त्याचे बीटा कण ऊतींत फार तर दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे लांबच्या निरोगी ऊतींना झळ कमी लागते. या उपचाराचं खरं बळ मला त्या स्कॅनमध्ये दिसतं. गाठ निरोगी यकृताहून जास्त उजळली नाही, तर हे औषध द्यायचंच नाही. कर्करोगावरची किती औषधं आपण इतक्या खात्रीनं देऊ शकतो?

परळला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन देण्याचा अनुभव तिथे आधीपासून होता; ल्युटेशियमचा वॉर्ड त्याच शिस्तीवर उभा राहिला. सहसा काही आठवड्यांच्या अंतरानं चार डोस देतात. मूत्रपिंडं वाचावीत म्हणून सोबत लायसिन आणि आर्जिनिन शिरेतून चढवतात. रुग्णाचं मूत्रही थेट गटारात जात नाही. किरणोत्सार ओसरेपर्यंत ते टाक्यांत साठवतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ चाचणीत २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियमच्या गटात ६५ टक्के, तर दुसऱ्या गटात ११ टक्के होतं. बहुतेकांचा आजार यानं मुळापासून जात नाही, पण थांबतो, आणि हे थांबणं मोलाचं आहे.

नागपूरहून मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरहून दूर. ल्युटेशियमचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त, म्हणून ते विमानानं येऊ शकतं. गॅलियमचं ६८ मिनिटंच; त्यासाठी जर्मेनियमचा जनरेटर रुग्णालयातच लागतो. विदर्भातल्या रुग्णाला मात्र त्याआधी गाठीचा तुकडा तपासून मिळायला हवा: क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन आणि की-६७. गाठ कोणत्या जातीची आणि किती वेगानं वाढणारी, हे त्यातूनच कळतं. ही तपासणी निदानाच्या पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, असं मी प्रत्येक नातेवाइकाला सांगेन.