थाळनेरचा फेब्रुवारी

६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या आणि दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत थाळनेरचं नाव झळकलं. तापीकाठचं हे गाव, शिरपूर तालुक्यातलं, म्हणजे त्यांचं आजोळ. आजीकडून ऐकलेली गुजराती गाणी त्यांनी इथूनच नेली. खानदेशाचा ऊर भरून आला, आणि तो योग्यच होता.

त्याच महिन्याची २७ तारीख उजाडली तेव्हा मात्र कुणी थाळनेरचं नाव काढलं नाही. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो; व्याख्यानं होतात, शाळांतून ग्रंथदिंड्या निघतात. २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरच्या किल्ल्यात सुमारे तीनशे माणसं एका दिवसात कापली गेली. त्यांच्यासाठी एक मिनिट कुणाकडे नसतं. २०१८ साली या घटनेला दोनशे वर्षं झाली, तीही अशीच गेली. जळगावजवळच्या नशिराबादच्या टोलनाक्यावरून सुरत-नागपूर महामार्गाने रोज हजारो गाड्या धावतात. आपण ज्या खानदेशातून चाललो आहोत, त्याची पहिली राजधानी कुठे होती, हे त्यांतल्या कितीजणांना सांगता येईल?

ती थाळनेरला होती. फिरोजशहा तुघलकाने १३७० च्या सुमारास थाळनेर आणि करवंद हा मुलूख मलिक राजाला दिला आणि फारुकी घराणं उभं राहिलं. त्याच्यामागे थाळनेर धाकट्या मुलाच्या वाट्याला गेलं. थोरला नासिर खान. नशिराबाद हे नाव उच्चारलं की हाच नासिर आठवतो. त्याने आशा अहिराचा असीरगड घेतला. डोल्यांत बायकांऐवजी शिपाई बसवून गड घेतल्याची गोष्ट इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवली आहे. मग १४१७ मध्ये त्याने माळव्याच्या मदतीने धाकट्या भावाकडून थाळनेरही हिसकावलं. बुऱ्हाणपूर वसवलं तेही त्यानेच. राजे तिकडे गेले, पण सुरुवातीचे राजे मातीत मिसळायला थाळनेरलाच परत आले. त्यांच्या कबरींवरचे घुमट अजून उभे आहेत. त्यांतल्या एका अष्टकोनी वास्तूवरचं कोरीवकाम असं नाजूक आहे, की दगडाऐवजी लाकूड कोरल्याचा भास व्हावा.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी संपले. पुढची दोनशे वर्षं थाळनेरने फक्त धनी बदलले: मोगल, निजाम, पेशवे, होळकर. सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरचा मुक्काम म्हणून फ्रेंच व्यापारी तावेर्निये याने गावाचं नाव टिपलं आणि तो चोपड्याकडे निघून गेला.

थांबायचं ते १८१८ पाशी. महिदपूरला होळकर हरले आणि जानेवारीत मंदसौरच्या तहाने खानदेश इंग्रजांना लिहून दिला. जनरल हिस्लॉप फौज घेऊन तापीपर्यंत आला तेव्हा थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने तोफा डागल्या. किल्ल्याची एक बाजू नदीतून वर चढलेली, उरलेल्या तिन्ही बाजूंना खोल घळ, भिंती साठ फुटांच्या आणि पूर्वेला एकामागे एक पाच दरवाजे. दिवसभराच्या मारानंतर इंग्रज आत शिरले. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर पुढे झाले आणि तिथेच मारले गेले. दगा की गैरसमज, हा वाद तेव्हापासूनच आहे. पुढे आतली सगळी शिबंदी कापली गेली. त्यात बहुतेक अरब होते. तुळशीराम मामाला त्याच दिवशी फासावर लटकवलं. हे लंडनलाही पचलं नाही. १८१९ मध्ये पार्लमेंटने हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, पण किल्लेदाराची फाशी त्यातून वेगळी ठेवली. तिकडे निदान प्रश्न तरी विचारला गेला.

१९९० चं दशक ज्यांनी नशिराबादला शाळा-कॉलेजात काढलं, त्यांना हे सगळं जास्त लागतं. १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ तर १९२७ पासून होतं. आता आपला इतिहास आपल्याकडेच लिहिला जाईल, असं त्या पोरांना मनापासून वाटत होतं. सुट्टीत ती जळगाव, चोपडा अशा एसट्या बदलत थाळनेरला जायची. पण डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली आणि वारं फिरलं. घुमट दिसला की लोक आवाज खाली करून बोलू लागले. पाठ्यपुस्तकात फारुकी दोन ओळींत उरकले जायचे, आणि दुर्गप्रेमींच्या यादीत सह्याद्रीबाहेरचा किल्ला बसायचाच नाही. मातीच्या गढीला कोण किल्ला म्हणणार!

खरं दुखणं वेगळंच आहे. बांधणारे फारुकी, लढवणारा होळकरांचा हिंदू किल्लेदार, मरणारे अरब शिपाई. मिरवणूक काढावी असं एकाही गटाला वाटत नाही, कारण कुणाच्याच गोष्टीत थाळनेर अख्खं मावत नाही. फ्रान्समध्ये सीन नदीच्या वळणावर शातो गायार नावाचा असाच पडका किल्ला आहे. इंग्लंडच्या राजा रिचर्डने तो ११९६ ते ११९८ मध्ये बांधला, १२०४ मध्ये फ्रेंचांनी जिंकला आणि १५९९ मध्ये त्यांच्याच राजाने तो पाडायचा हुकूम दिला. तरी परक्याने बांधलेला म्हणून फ्रान्सने तो वाऱ्यावर सोडला नाही. १८६२ पासून तो संरक्षित वारसा आहे. थाळनेरच्या कबरींनाही कायद्याचं संरक्षण आहे. माणसांची माया मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्या दशकातल्या एका उन्हाळ्यात नशिराबादची चार पोरं पाच दरवाजे मोजायला गेली होती. मोजण्यासारखं फार उरलं नव्हतं. एक म्हातारेबाबा त्यांच्याबरोबर चालू लागले. काठी टेकून म्हणाले, ‘‘आठे दरवाजा व्हता.’’ थोडं पुढे जाऊन पुन्हा काठी टेकली, पुन्हा तेच. पाचव्यांदा त्यांनी काठी टेकली तिथे एका खुंटीला दोन शेळ्या बांधलेल्या होत्या आणि खाली उन्हात तापीचं पाणी चमकत होतं.