हाडांचा वाफसा

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास दिग्रसहून दारव्ह्याकडे किंवा पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, की अंधारातून आधी बुटांचा आवाज येतो आणि मग माणूस दिसतो. ही भरतीची पोरे-पोरी. कुणाला पोलिसात जायचे आहे, कुणाला सैन्यात. पोलीस शिपाई भरतीत ग्राउंडचे 50 गुण, त्यातले 20 एकट्या लांब धावण्याचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मुलाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत मारले, तर पैकीच्या पैकी. एकेका गुणावर नाव यादीत राहते किंवा गळते, तेव्हा सुट्टी घ्यायची हिंमत कोण करणार? ‘एक दिवस गॅप पडला की स्टॅमिना गेला’ हे या मुलांमध्ये हमखास ऐकू येणारे मत. मग आठवड्याचे सातही दिवस धावणे सुरू होते आणि महिनाभरात एखादा नडगी धरून रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो.

दम तर चांगला वाढला होता, मग पायाने दगा का दिला? कारण शरीराचे सगळे भाग एकाच चालीने तयार होत नाहीत. धावायला लागल्यावर रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते. दोन-तीन आठवड्यांत धाप कमी झाल्याचे स्वतःलाच जाणवते. स्नायूंचे दुखणे एक ते तीन दिवस जोरात असते, मग ओसरते. त्यांच्यातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, भाकरी-भात पोटभर मिळाला तर साधारण दिवसभरात भरून निघतो. सर्वात मागे राहते ते हाड.

पाच किलोमीटर धावताना सुमारे पाच हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला जमीन पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलटा दाब देते. त्याने हाडात अतिसूक्ष्म तडे जातात. ते वाईट नाही. हाड मजबूत होण्याची सुरुवात तिथूनच होते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी तडा गेलेला भाग कोरून काढतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवे हाड भरतात, त्याला मात्र तीनेक महिने. जुन्या विटा काढल्या आहेत आणि नव्या अजून बसायच्या आहेत, अशी भिंतीची अवस्था नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते. आणि नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, म्हणून पोरगा अंतर दुप्पट करतो.

हे दुखणे भरतीइतकेच जुने आहे. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले. ना कुणी पडले होते, ना गोळी लागली होती. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर दोनच वर्षांत उलगडा झाला, की त्या पावलांमधली हाडे मोडलेली असत. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव त्या कूच करण्यावरूनच पडले.

काळ्या जमिनीत कपाशी लावणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मुसळधार पाऊस पडून गेला म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी वखर घेऊन शेतात शिरत नाही. चिखल पायाला चिकटत असताना मशागत केली तर जमीन घट्ट होते आणि नुसती ढेकळे निघतात. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. ओल असावी आणि हवाही खेळावी, एवढी सवड तो जमिनीला देतो. शेत दोन दिवस रिकामे दिसते, पण काम चालूच असते.

हाडातले हे काम प्रयोगशाळेतही तपासले गेले आहे. उंदरांच्या हाडांवर ठरावीक दाब देऊन पाहिले तेव्हा असे दिसले, की हाडातल्या पेशी पहिल्या काही डझन धक्क्यांना चांगला प्रतिसाद देतात, पुढच्या धक्क्यांना जवळपास बहिऱ्या होतात. सुमारे आठ तास मोकळे गेले की त्यांचे ‘कान’ पुन्हा उघडतात. म्हणजे थकल्या पायांनी मारलेल्या शेवटच्या राउंडचा हाडाला फायदा थोडा, झीज मात्र पुरेपूर.

राहिली स्टॅमिना जाण्याची भीती. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवला होता. तीन आठवड्यांनी त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी उतरली. तीन आठवड्यांत 7 टक्के. मग एका सोमवारच्या सुट्टीने काय जाणार?

नव्याने धावणाऱ्याला आठवड्यात चार दिवस पुरेत. सोमवारी विश्रांती. मंगळवारी गप्पा मारता येतील इतके सावकाश धावणे. बुधवारी विश्रांती किंवा उठाबशा-जोर. गुरुवारी वेगाचे काम, 400 मीटरचे चार-पाच तुकडे, मध्ये चालणे. शुक्रवारी पुन्हा विश्रांती. शनिवारी थोडे आणि हलके, रविवारी लांब पण संथ. दिवस सोयीने बदला, पण दोन जड दिवस एकमेकांना चिकटू देऊ नका.

अंतर किती वाढवावे? ‘आठवड्याला 10 टक्के’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये 532 नवशिक्यांवर तो तपासला गेला. नियम पाळणारे असोत वा नसोत, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झालाच. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या 2025 मधल्या अभ्यासाने बोट दुसरीकडे ठेवले: धोका आठवड्याच्या बेरजेत नव्हता, एकाच दिवशी मारलेल्या उडीत होता. गेल्या महिन्यातल्या सर्वात लांब धावेपेक्षा एका दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलात, की दुखापतीची शक्यता वाढते.

आपल्याकडे आणखी एक हिशेब मांडावा लागतो. सकाळी ‘विश्रांती’ आणि दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप, ही विश्रांती नव्हे. तो दिवस जड धरावा. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात तेच अंतर हृदयाला जास्त पडते. मुलींच्या बाबतीत रक्तातले लोह तपासून घेतलेले बरे, आणि सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ती फिटनेसची खूण समजू नये. खाणे अपुरे पडत असल्याचा तो इशारा असू शकतो, आणि अशा वेळी हाडेही ठिसूळ होतात.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, सैन्यातून पुढे आलेला अविनाश साबळे 2018 च्या आशियाई स्पर्धेला घोट्याच्या दुखापतीमुळे मुकला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमधला 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. हुकलेल्या एका संधीने धावणे संपत नाही.

वाफसा आला का, हे पाहायला शेतकरी मूठभर मातीचा लाडू वळतो आणि खाली टाकतो. फुटला तर शेतात जायचे, चिखलाचा गोळाच राहिला तर आणखी थांबायचे. धावणाऱ्याचीही अशीच एक परीक्षा आहे. सकाळी अंथरुणातच मनगटाची नाडी मिनिटभर मोजा. रोजच्यापेक्षा बरीच जास्त असेल तर आज सावकाश. मग अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबत या. सगळीकडे थोडे थोडे दुखले तर एक-दोन दिवस थांबा. पण एकाच बोटाएवढ्या जागी कळ आली, तर बूट काढून ठेवा आणि डॉक्टर गाठा. त्या जागी अजून चिखल आहे.