खेड्यातील धन शहरी का जाते?

तहसिलीत पस्तीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो व आंजी (मोठी) येथे आपल्या घरी येऊन राहिलो. कारकुनाने आलेले कागद तपासावे, नोंदवावे व पुढे पाठवावे, एवढेच त्याचे काम. परंतु एकाच जातीचे कागद वर्षानुवर्षे डोळ्यांखालून गेले म्हणजे त्यांतून काही गोष्टी आपोआप ध्यानात येतात. मी नोकरीस लागलो तेव्हा वारसाच्या फेरफारात सर्व भावांचा पत्ता बहुधा त्याच गावचा असे. अखेरच्या काळात एक भाऊ गावी, दुसरा नागपुरास व तिसरा पुण्यास, असे अर्ज वारंवार येऊ लागले. पुढे एक-दोन वर्षांत त्याच गटाचे खरेदीखतही नोंदीस येई.

हा केवळ माझ्या टेबलापुरता अनुभव नव्हे. २००१ च्या शिरगणतीत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ होती. २०११ साली ती १३,००,७७४ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ शेकडा पाचच्या किंचित वर. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा ७२,३२,५५५ वरून ९४,२९,४०८ वर गेला. वाढ शेकडा तीस. २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाही, म्हणून हेच आकडे घेणे भाग आहे. आमच्याकडे जन्माचे प्रमाण कमी झाले हे याचे एक कारण होय. परंतु कमावते हात बाहेर गेले हे दुसरे कारण कोणत्याही गावात डोळ्यांनी दिसते. माणसे जिकडे मिळकत तिकडे जातात. मुंबई व तिची उपनगरे, ठाणे आणि पुणे एवढ्या भागातूनच राज्याच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या जवळपास जाणारा हिस्सा निघतो. मग उरलेल्या महाराष्ट्राने मुले पाठवावी यात नवल ते काय?

यंदा हा प्रश्न माझ्याच ओसरीवर येऊन बसला. आम्हा दोघा भावांचे मिळून नऊ एकर वावर आहे. धाकटा भाऊ पुण्यास नोकरीत असतो. दिवाळीस आला तेव्हा म्हणाला, "दादा, या वावरातून वर्षाकाठी उरते काय? विकून टाकू. माझ्या वाट्यात पुण्यास घराचे काम होईल, तुमच्या वाट्याचे व्याज तुम्हांस घरबसल्या मिळेल." त्यास उत्तर द्यावयाचे तर रागाने देऊन चालणार नव्हते, हिशेबाने देणे प्राप्त होते. तो हिशेब मी मांडला, तोच वाचकांपुढे ठेवतो.

एक क्विंटल कापूस घ्या. लांब धाग्याच्या कापसास २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. हा कापूस जिनात गेला म्हणजे त्यातून सुमारे चौतीस किलो रुई निघते व बाकीची बहुतेक सरकी असते. अशा पाच क्विंटल कापसाची १७० किलोची एक गाठ होते. चौतीस किलो रुईचे सूत काढताना काही तूट येते. तरी अठ्ठावीस किलोच्या आसपास सूत हाती लागते. एका सदऱ्यास पाव किलो कापड धरले तर एका क्विंटलात शंभरावर सदरे होतात. सदरा पाचशे रुपयांचा म्हटला तरी दुकानात ही रक्कम पन्नास हजारांच्या पुढे जाते. सरकीचे तेल व पेंड वेगळीच.

आता कोणी म्हणेल, की मधले बेचाळीस हजार शहरवाल्यांनी लुटले. तसे मी म्हणणार नाही. त्यात सूत कातणाराची मजुरी आहे, विणकराची आहे, रंगाऱ्याची, शिंप्याची, हमालाची, दुकानदाराची व सरकारी कराचीही आहे. यांपैकी बहुतेकांनी आपले दाम श्रम करून मिळविले आहेत. प्रश्न इतकाच, की ही मजुरी वाटली गेली कोठे? पिकावरचे पहिले श्रम आमच्या वावरात होतात; दुसरे, तिसरे व चौथे श्रम दूरच्या शहरात होतात. ज्या ठिकाणी हे पुढचे श्रम घडतात त्या ठिकाणी संपत्ती साठते, आणि पहिल्या श्रमाच्या जागी केवळ पुढील पेरणीपुरते उरते. माझ्या मते शहर व खेडे यांतील अंतराचे मूळ येथे आहे.

हे दुसरे श्रम शहरातच का गेले, हेही पाहिले पाहिजे. ऊस तोडल्यावर थांबत नाही. उशीर झाला की साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्यालाच उसाच्या शेजारी यावे लागले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पुढे त्याच्याभोवती शाळा, दवाखाने, पेढ्या उभ्या राहिल्या. कापसाचे तसे नाही. गाठ बांधली की तो महिनोगणती टिकतो व हजार कोस जातो. सरकीचे ओझे कोणी लांब नेत नाही म्हणून जिन तेवढे आमच्याकडे राहिले. रुई मात्र आगगाडीत बसून निघून गेली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीने विलायतेस आमच्या कापसाची गरज भासली, १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव परदेशच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी झाले. नाव झाले, पण सूत तेथे निघाले.

तथापि हे अटळच होते असेही नाही. जमशेटजी टाटा यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस व कोळसा जवळ आणि गिऱ्हाईकही जवळ, हा त्यांचा हिशेब. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एंप्रेस मिल सुरू झाली. पुढे हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या झाल्या. एंप्रेस मिल आज उरली नाही. तिच्या जागेवर दुकानांची मोठी इमारत उभी आहे. वर्ध्याच्याच बजाज घराण्याचे मोठे कारखाने पुण्याजवळ आकुर्डीस उभारले गेले. यात दोष कोणाचा म्हणावा? जेथे एक कारखाना तेथे त्याचा कारागीर, तेथेच पेढी, तेथेच सुटे भाग. म्हणून दुसराही तेथेच येतो. परंतु हिंगणघाटास आजही सूतकताई चालते, यावरून ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात अशक्य नाही एवढे सिद्ध होते.

रस्ता झाला म्हणजे सर्व ठीक होईल, अशी काहींची समजूत आहे. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी. आमच्या जिल्ह्यात येळाकेळी व विरूळ येथे त्यावर जाण्याची वाट आहे. रस्ता चांगला आहे, यात शंका नाही. परंतु लोहमार्गाचा धडा विसरू नये. त्यावरून रुईही लवकर जाईल व मुलगाही लवकर जाईल. परत काय यावयाचे ते आपण येथे काय तयार करतो यावर ठरेल.

सरकारने काही केले नाही असे नाही. १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिने १९८४ साली अनुशेष मोजला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. हे अहवाल हक्काचे आहेत व त्यांतील मागणी आपण सोडू नये. परंतु कागदाच्या भरवशावर किती बसावे, हे मी कागदांतच आयुष्य काढलेला मनुष्य जाणतो.

सबब कास्तकार बंधूंस माझ्या अल्प सूचना अशा. पहिली, कापूस एकेकट्याने बंडीभर विकण्याऐवजी वीस-पंचवीस जणांनी एकाच जातीचा कापूस स्वच्छ वेचून एकत्र जिनात न्यावा, मजुरी देऊन पिंजून घ्यावा, आणि रुई व सरकी वेगवेगळी विकावी. निदान एका हंगामात दोन्ही भाव ताडून पाहावे. दुसरी, तूर व हळद तशीच न विकता डाळ व पूड करून विकावी. वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि आसपासच्या गाईंच्या दुधाचा गोरसपाक करून वर्ध्याच्या गोरस भांडाराने नाव मिळविले आहे. ही उदाहरणे घरचीच आहेत. तिसरी, इमारत आधी व धंदा मागून, असे कदापि करू नये. राज्यात कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जाने व ढिलाईने बंद पडल्या. आधी भाड्याच्या यंत्रावर दोन हंगाम काढावे, दर महिन्यास हिशेब सभेत वाचावा, आणि उधारी पुढाऱ्यासही देऊ नये.

शहर आपले वैरी नव्हे. भावाच्या पुण्याच्या पगारातूनच आमच्या विहिरीवर मोटर बसली व आईचे औषधपाणी झाले, हे मी विसरलो नाही. परंतु ज्या घरात एकाच्या पगारावर दुसऱ्याची शेती चालते, ते घर दुसऱ्या पिढीत वावर विकते, हे मी रजिस्टरात पाहिले आहे.

भावाने हिशेब शांतपणे ऐकला. त्याचे समाधान झाले असे नाही. पण त्याने दोन हंगामांची मुदत दिली आहे. यंदा आमच्यासह अठरा घरांचा कापूस एकत्र पिंजावयाचा ठरला आहे. जमाखर्च मी लिहीन, आणि नफा होवो की तोटा, तो याच मासिकात छापण्यास पाठवीन. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या वावराची खरेदीखते नोंदविली. आपल्याच वावराचे खत आपल्या हाताने लिहिण्याचा प्रसंग येऊ नये, एवढीच इच्छा आहे.