कवितेच्या परिभाषेचीं पहिलीं अक्षरें

घरांत कविता वाचली गेली, कीं ऐकणाऱ्यांचा अभिप्राय बहुधा ‘छान आहे’ एवढ्यांतच संपतो. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवंडांना ‘स्टँझा’ आणि ‘राइम’ ठाऊक असतात. चरण म्हणजे काय, असें विचारतां तीं आपल्या पायांकडे पाहतात! त्यांत त्यांचा दोष नाहीं. जेथें तिन्हीसांजेला मनाचे श्लोक म्हटले जात, तेथेंहि लघुगुरूंचा उलगडा क्वचितच कोणी करी. म्हणणारी पिढी गेली, कीं छापलेला श्लोक कसा म्हणावा हें सांगणारें घरांत कोणी उरत नाहीं. हें टाळण्यास पांचसहा संज्ञा पुरेत, असें आमचें मत आहे.

प्रथम लघु आणि गुरु. ऱ्हस्वदीर्घाचेंच हें दुसरें नांव, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नव्हे. ‘भक्त’ यांतील ‘भ’चा स्वर ऱ्हस्वच, परंतु पुढील जोडाक्षराचा आघात त्यावर येतो, म्हणून तें अक्षर गुरु. ‘वंदन’ यांतील ‘वं’ अनुस्वारामुळें गुरु. उलट ‘तुझ्या’ म्हणून पाहा: ‘तु’वर आघात नाहीं, म्हणून पुढें जोडाक्षर असूनहि तें लघुच. अर्थात् निर्णय डोळ्यानें नव्हे, कानानें करावयाचा. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन.

अशा तीन अक्षरांचा एक गण. गण एकंदर 8. ‘यमाताराजभानसलगम्’ हें सूत्र मुलांना खेळासारखें येतें. हव्या त्या गणाचें अक्षर घ्यावें, पुढचीं दोन त्यास जोडावीं. ‘यमाता’ म्हणजे लघु, गुरु, गुरु, हा य गण. असे चार य गण मिळून भुजंगप्रयाताचा 12 अक्षरांचा चरण होतो. समर्थांचे मनाचे 205 श्लोक याच वृत्तांत आहेत. टाळीवर हें एकदां बसलें, कीं छापतांना गळलेलें अक्षर आठ वर्षांचें मूलहि पकडतें.

चरणांत विसाव्याची जागा ती यति. ‘मेघदूता’चें वृत्त मंदाक्रान्ता, त्याच्या 17 अक्षरांत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर थांबावयाचें. तेथें न थांबतां धांवणारे पाठक आम्हीं पुष्कळ ऐकले आहेत.

सर्वच पद्य गणांत बसत नाहीं. आर्येंत मात्रा मोजतात, अनुक्रमें 12, 18, 12, 15. मोठ्या अभंगांत केवळ अक्षरें: 6, 6, 6 आणि 4. माधव जूलियन यांच्या 1937 च्या ‘छन्दोरचना’ ग्रंथांत वृत्त, जाति आणि छंद हा भेद विस्तारानें मांडलेला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

यमकाविषयीं मात्र सावध असावें. मराठींत चरणान्तीच्या सारख्या अक्षरांस आपण यमक म्हणतों. संस्कृत आलंकारिकांचें यमक निराळें: तोच वर्णसमूह पुन्हा यावा, आणि सार्थ असल्यास त्याचा अर्थ मात्र बदलावा. आपल्या यमकास ते अन्त्यानुप्रास म्हणतील. दोन्ही व्यवहार रूढ आहेत. पंडिती वादांत घरानें शिरूं नये.

मुक्तछंद आला म्हणून या संज्ञा निरुपयोगी झाल्या काय? अनिलांची ‘भग्नमूर्ति’ 1940 ची. तींत ठराविक चरण नसले, तरी लय आणि विराम आहेतच. ती मोठ्यानें वाचावी आणि आवाज आपोआप कोठें थांबतो, तें मुलांनाच सांगूं द्यावें.